लहानपणीची खेळणी : शोकेसमधली, जत्रेतली आणि हाताने केलेली

माजघर

नमस्कार मंडळी,

आमच्या सांगलीच्या घरी हॉलच्या भिंतीत एक शोकेस होतं. सरकत्या काचा, त्यांना इवलंसं कुलूप आणि किल्ली आईच्या जुडग्यात. आत मुंबईच्या आत्याने आणलेली बाहुली. आडवी केली की डोळे मिटायची, उभी केली की उघडायची. तिच्या अंगावरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा कधी निघाली नाही, कारण "फ्रॉक मळतो". शेजारी झांजा वाजवणारं माकड (सेल काढून ठेवलेले, गळतात म्हणून), काचेची बदकं आणि बाबांना बँकेतून मिळालेला पेनस्टँड. पाहुण्यांचं पोर रडायला लागलं की कुलूप निघायचं. मी रडले तर निघायचं नाही.

रोजचं खेळणं वेगळंच. सागरगोटे, फुटक्या बांगड्या, काडेपेटीचे छाप आणि आजीकडून आलेली लाकडी ठकी. ठकीचे हात अंगालाच कोरलेले, नाकाचा रंग उडालेला. आम्ही तिला सारखं तेल लावून न्हाऊ घालायचो, त्यामुळे लाकूड काळंभोर झालेलं. तिची लग्नं किती लावली त्याला गणती नाही. त्या डोळे मिटणाऱ्या बाहुलीचं मात्र आज नावही आठवत नाही. बहुतेक ठेवलंच नव्हतं.

तर विषय हा. तुमच्या हातात खरोखर कोणती खेळणी होती? ती घरात आली कुठून आणि पुढे त्यांचं काय झालं? "आजकालची मुलं आणि मोबाईल" हे कृपया इथे नको, त्यावर उदंड धागे आहेत.

चहाटळ_चिमणी

शोकेसला +१००. आमच्याकडे टेडीला प्लास्टिकचं कव्हर, सोफ्याला कव्हर, रिमोटला कव्हर. आजी म्हणायची, तुला तेवढं एक घालायचं राहिलंय.

आणि माजघरताई, सागरगोट्यांचा दुसरा उपयोग लिहिलाच नाहीत! शाळेच्या खरबरीत फरशीवर एक सागरगोटा जोरात घासायचा आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या दंडाला टेकवायचा. असा चटका बसतो की मुलगी उभीच राहते. मग मास्तर विचारतात, काय गं, उत्तर येतं का?

तिरफळ

आमची खेळणी सावंतवाडीची. बाबांची कोर्टात तारीख असली की आम्हां भावंडांना आनंद. तारीख पुढे गेली तर अजून आनंद, कारण पुन्हा चितारआळीत, म्हणजे खेळण्यांच्या दुकानांच्या गल्लीत, चक्कर.

लाकडी फळांची टोपली ठाऊक असेल सगळ्यांना. आंबा, केळं, सीताफळ, फणसाचा गरा, लाल मिरची. पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे, ते हलकं असतं. त्यामुळे टोपली उचलली की हाताला फसल्यासारखं वाटायचं, दिसायला भरलेली आणि वजन काही नाही. आंब्याला देठाशी पिवळ्यातून केशरीत जाणारी छटा अशी काढलेली असायची की धाकट्याने एकदा सरळ दात लावले. ती खूण अजून आहे. टोपली आता माझ्याकडे आहे आणि तो आंबा मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवतो, धाकटा हल्ली मोठा साहेब झालाय म्हणून.

खेळण्यांच्या शेजारीच गंजिफांचे (हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचे) डबे ठेवलेले असायचे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची १२ पानं, म्हणजे एकूण १२०. गोल पानं. आम्हाला वाटायचं हे टिकल्यांचे मोठे नमुने आहेत. दुकानदार एक पान हातावर ठेवायचा, मत्स्यावतार दाखवायचा आणि लगेच काढून घ्यायचा. पोरांच्या हातात द्यायची वस्तू नव्हे ती. म्हणजे तेही एक शोकेसच म्हणा.

वऱ्हाडी_ठेचा

पश्चिम महाराष्ट्राच्या अन् कोकणाच्या लोकहो, तुमच्याकडं खेळण्याचा सण आहे का? आमच्याकडं आहे. तान्हा पोळा.

पोळ्याला खरे बैल, अन् दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल. नागपूरच्या भोसले घराण्यानं ही चाल पाडली म्हणतात. त्या दिवशी सकाळी नागपुरात काळी-पिवळी मारबत (मोठाले पुतळे) निघते, "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा गलका होतो, अन् दुपारून पोरांचे नंदी बाहेर पडतात.

आमचा नंदी आजोबांनी गावच्या सुताराकडून सागवानाचा करून घेतला होता. पाटीवर उभा, खाली चार चाकं, पुढं दोरी. आदल्या दिवशी रात्रीच माळ्यावरून खाली यायचा. धूळ पुसायची, चाकात तेल सोडायचं (तरी तो कुरकुरायचाच), शिंगाला बेगड चिकटवायची, गळ्यात चाळ. झूल आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची. बैल एक अन् चुलत मिळून पोरं सहा. दोरी कोण धरन यावर दरवर्षी मारामारी. एका वर्षी दोरीलाच सहा गाठी मारल्या, एकेक गाठ एकेकाची. पुढची गाठ कोणाची, यावर मग परत मारामारी.

देवळापुढं तोरण बांधलेलं असायचं. सगळे नंदी ओळीनं उभे. झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणायच्या, तोरण तुटलं की सुटले सगळे. मग घरोघरी. बाया बैलाच्या पायावर पाणी घालायच्या, ओवाळायच्या अन् हातावर बोजारा ठेवायच्या. चार आणे, आठ आणे. मालगुजाराच्या वाड्यातला नंदी माणसाएवढा उंच, त्याला ओढाले गडी लागत. त्याच्या मागं आमचा. अन् एकदम शेवटी गावातली ती पोरं, ज्यांच्या बैलाला चाकं नसायची. ते तो हातात धरूनच फिरवत. बोजारा सगळ्यायले सारखा भेटे, हे सांगाले हवं.

संध्याकाळी नंदी परत माळ्यावर. मधात कधी खेळाले मागितला तर आजोबा म्हणत, "त्याची तिथी यायची आहे."

माजघर

वऱ्हाडी_ठेचा, काय लिहिलंय! सहा गाठींची दोरी डोळ्यांपुढे आली. तो नंदी आता कोणाकडे?

वऱ्हाडी_ठेचा

चुलतभावाकडे, अमरावतीले. त्याच्या नातीची गाठ आता पहिली.

जुनाट_रेडिओ

गिरगावच्या चाळीतला मी. आमचा खजिना म्हणजे माहीमची जत्रा. डिसेंबरात दर्ग्याचा उरूस भरायचा आणि वडील आम्हाला न्यायचे. पाळणा, खाजा आणि परत येताना एक खेळणं, एकच. मी दर वर्षी तीच वस्तू घ्यायचो, कारण ती वर्षभर टिकायचीच नाही. पत्र्याची आगबोट!

लाल-निळी, वर एक कमान, कडा एवढ्या धारदार की घेताना एकदा आणि खेळताना दहादा बोट कापणार. तेलात भिजवलेली वात एका पत्र्याच्या पन्हळीत ठेवायची, पेटवायची आणि बोटीच्या पोटात सरकवायची. मोरीतल्या घंगाळात सोडली की थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम टक-टक-टक-टक असा आवाज सुरू व्हायचा आणि ती निघायची. घंगाळाच्या कडेकडेने गोल. मजल्यावरची सगळी पोरं मोरीत. आजोबा बाहेरून ओरडायचे, "अरे मला अंघोळीला जायचंय!"

ना चावी, ना सेल. ती चालायची कशी हे मला आजतागायत कळलेलं नाही. कोणी सांगेल का?

गणिती_गोगलगाय

रेडिओकाका, हा माझ्या आवडीचा प्रश्न. दर वर्षी अकरावीच्या मुलांना घालतो आणि निम्मा वर्ग चुकतो.

बोटीच्या पोटात पत्र्याची एक चपटी डबी असते, तोच बॉयलर. तिचा वरचा पत्रा मुद्दाम अगदी पातळ ठेवलेला असतो. डबीतून बारीक नळ्या निघून बोटीच्या मागे पाण्याखाली उघडतात. आधी नळीतून थोडं पाणी आत भरून घ्यायचं. तुमचे वडील बहुधा तोंडाने भरत असतील, तुमच्या लक्षात नसेल. मग खाली वात. डबीतल्या पाण्याची वाफ झाली की ती नळीतलं पाणी मागे ढकलते. वाफ नळीत उतरते, तिथे गार होऊन तिचं पुन्हा पाणी होतं, आतला दाब पडतो आणि बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. ते तापलं की पुन्हा तेच. दर वेळी डबीचा तो पातळ पत्रा फुगतो आणि बसतो. टकटक त्याची.

आता गंमत अशी की पाणी जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं. मग बोट जागच्या जागी मागे-पुढे डुचमळत का नाही राहत? कारण बाहेर जाणारं पाणी एका दिशेने, धार होऊन जातं. आत येणारं नळीच्या तोंडाशी चहूबाजूंनी गोळा होऊन येतं. म्हणून ढकलण्याचा जोर सरस ठरतो. घरी करून बघा. मेणबत्ती फुंकून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा.

थॉमस पिओ याने १८९१ साली ब्रिटनमध्ये अशा बोटीचं पेटंट घेतलं होतं. आपल्या जत्रांत ती अजून दिसते. तमिळनाडू-केरळकडच्या देवळांबाहेरही मी पाहिली आहे.

जुनाट_रेडिओ

आत्ता बायकोसमोर मेणबत्ती ओढून विझवायचा प्रयत्न करतोय. तिने या धाग्याची लिंक मागितली आहे. सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आणि हो, वडील तोंडानेच भरायचे. आम्हाला वाटायचं ते बोटीला काहीतरी सांगतायत.

पर्णिका

सगळं छान चाललंय, तरी एक खडा टाकते.

भावाच्या वाढदिवसाला मेकॅनो आणि माझ्या वाढदिवसाला भातुकली. भातुकली सुंदर होती, नाही म्हणणार नाही. पितळी बंब, खलबत्ता, परात, किसणी, सोऱ्या. सोऱ्यातून खरंच शेव पडायची. पण मला पाहिजे होता तो मेकॅनोतला पाना. हिरव्या-लाल भोकांच्या पट्ट्या, पितळी नट, आणि तो एवढासा चपटा पाना. भाऊ दुपारी झोपला की मी तो उचलायचे. एकदा माझ्या भातुकलीतल्या बंबाची तोटी त्याच पान्याने खोलून बघितली. आत काहीच यंत्र नव्हतं, नुसती पोकळ नळी. केवढा राग आला होता!

फ्रँक हॉर्नबीने लिव्हरपूलमध्ये १९०१ साली मेकॅनोचं पेटंट घेतलं ते स्वतःच्या मुलांसाठी केलेल्या खेळण्यावरून. आमच्या डब्यावरच्या चित्रातही मुलगेच होते. मी आता पिंपरीत मशीन शॉप चालवते. भावाला नट कुठल्या बाजूने फिरवायचा हे अजून विचारावं लागतं.

दगडोबा

पर्णिकाताई, आमच्या वाड्यात मुलगेही भातुकलीत असायचे हो. काम एकच, ऑफिसला जायचं. जिन्याची चौथी पायरी म्हणजे ऑफिस. तिथे बसून राहायचं आणि "वाढलंय" अशी हाक आली की यायचं, चुरमुरे-गूळ खायचे, परत ऑफिस.

पर्णिका

म्हणजे सराव लहानपणापासूनचा.

दगडोबा

😄 हरलो. अवांतर : पुण्यात विलास करंदीकरांच्या भातुकलीच्या संग्रहाचं प्रदर्शन कुठे लागलं तर चुकवू नका. आपल्या घरांतून जी भांडी कधीच हद्दपार झाली ती तिथे बोटभर मापात भेटतात. मी ज्या वस्तूंपुढे सगळ्यात जास्त वेळ उभा होतो त्या पितळी नव्हत्या, मातीच्या होत्या. संक्रांतीच्या वाणातली बोळकी आम्ही अशीच मागून आणायचो आणि त्यात खोटं ताक घुसळायचो.

माझं स्वतःचं खेळणं म्हणाल तर किल्लीची आगगाडी. रूळ गोल, त्यामुळे गाडी कुठेच पोचायची नाही. त्याचा वचपा म्हणून मी कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात अजून जातो. भाऊ जोशींनी उभारलेलं, १९९८ साली लोकांसाठी उघडलेलं. नातवाला घेऊन जातो असं घरी सांगतो. नातू आता दहावीला आहे आणि त्याला यायचं नसतं.

चिपाडाची_गाडी

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील ऊसतोडीला जायचे, आम्ही कधी सोबत, कधी आजीजवळ. शोकेस, मेकॅनो, वाढदिवस हे काही नव्हतं. पण खेळणी होती, म्हणून लिहितो.

ज्वारी काढून झाली की वाळलेली चिपाडं पडलेली असायची. त्याची बैलगाडी करायची. चिपाड दातानं सोलायचं. वरची साल निघते ती कडक अन् धारेची, आतला गर पांढरा, मऊ. गराचे तुकडे म्हणजे बैलाचं अंग, गाडीची साटी. सालीच्या काड्या म्हणजे खिळे. गरात काडी खुपसली की घट्ट बसते, डिंक लागत नाही, दोरा लागत नाही. साल वाकवून गोल केली की चाक. चारही पाय एका मापाचे झाले पाहिजेत, नाहीतर बैल लंगडतो. उरलेल्या सालीचा चष्मा. साल जिभेला, ओठाला कापायची, रक्त यायचं, तरी दातानंच सोलायचं, कारण चाकू कोण देणार. गाडी दोन दिवसांत मोडायची. मोडली की शेळी खायची.

फडावर असलो की उसाचं पाचट. त्याचं एवढं चांगलं होत नाही.

इथं काहीजण लिहितील की तेव्हाच्या गरिबीत किती गोडी होती. मला तसं वाटत नाही. मला दुकानातला लाल ट्रक पाहिजे होता अन् तो मिळाला नाही, हे मला अजून आठवतं. पोराला मी तो घेतला. पण चिपाडाचा बैल मला आजही डोळे झाकून करता येतो, हेही तितकंच खरं.

माजघर

दादा, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. आयडीचं नाव आता कळलं.

खडूफळा

चिपाडाची_गाडी यांनी जी गराची आणि सालीची जोडणी सांगितली, तिचं भावंड आमच्या शाळेत आहे. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. नळीचा छोटा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या, झाला सांधा. त्रिकोण केला तर हलत नाही, चौकोन केला तर कलंडतो. पूल का त्रिकोणांचे करतात ते पाचवीच्या पोराला पाच मिनिटांत समजतं. हे अरविंद गुप्तांचं देणं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी करून दाखवली. २०१८ साली पद्मश्री मिळाली त्यांना. खेळणी कशी करायची ते सगळं त्यांनी फुकट ठेवलंय, मराठीतसुद्धा.

त्यांचं मला पटलेलं तत्त्व असं की खेळणं मोडून बघता आलं पाहिजे. पर्णिकाताईंनी बंब उगाच नव्हता खोलला.

नव्वदीचा_नग

काका-काकूंच्या गर्दीत नव्वदीचा एक प्रतिनिधी हजर.

व्ह्यूमास्टर! डोळ्याला लावायचा, खटका दाबायचा, पुढचं चित्र. चकतीवर चित्रं १४ असतात पण दिसतात ७, कारण दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र लागतं, तेव्हा कुठे खोली दिसते. हे कळल्यावर मला अर्धी चित्रं कोणीतरी लंपास केल्यासारखं वाटलं होतं.

चिप्सच्या पुडीतले टाझो, म्हणजे चित्रांच्या गोल चकत्या. पुडी हाताने चाचपून आत टाझो आहे की नाही बघायचो, दुकानदार हाकलायचा. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते. उंची, वजन, दंड, किती लढती जिंकल्या. मला पंधरा पाचे पंचाहत्तर पाठ नव्हते पण कुठल्या पैलवानाचा दंड किती इंच ते तोंडपाठ. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळांचा ब्रिक गेम, ज्यात खेळ खरे पाच-सहाच. आणि टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर. फुंकल्याने काय व्हायचं देव जाणे, पण चालायची.

आणि सगळ्यांचा राजा जी.आय. जो. बोटभर सैनिक, गुडघ्यात वाकणारा, त्याची बंदूक पहिल्याच दिवशी सोफ्याच्या फटीत. फनस्कूल कंपनी करायची, कारखाना गोव्यात. आम्ही गोव्याला गेलो तेव्हा मी समुद्र बघायला नकार दिला होता, मला कारखाना बघायचा होता.

सरळमार्गी

सगळं वाचलं. तरी एक सांगतो, आजकालच्या मुलांच्या हातात जन्मल्यापासून मोबाईल

माजघर

सरळमार्गी काका, धाग्याचा पहिला प्रतिसाद, तिसरा परिच्छेद.

सरळमार्गी

अर्धवट वाक्य चुकून पोस्ट झालं, आता पूर्ण करत नाही. बरं, मग भोवऱ्याचं लिहितो, तो कोणी घेतलाच नाही अजून.

बाजारातला रंगीत भोवरा आणि सुताराने केलेला भोवरा यात जमीन-अस्मानाचा फरक. बाजारातल्याची आर (खालचा खिळा) कधी मधोमध नसते. फिरला की थरथरतो आणि भटकत जातो. सुतार बाभळीचा करून द्यायचा, जड. आर ठोकल्यावर आम्ही ती दगडावर घासून बोथट-गोल करायचो. टोकदार आर जमीन उकरते आणि भोवरा मरतो. जाळी (भोवऱ्याची दोरी) सुताची, गुंडाळायच्या आधी जराशी ओली करायची, म्हणजे निसटत नाही. आणि फेकताना जोर फेकण्यात नसतो, शेवटच्या क्षणी मागे ओढण्यात असतो. हे कोणी सांगून समजत नाही.

हातजाळी म्हणजे भोवरा जमिनीला लागू न देता हवेतूनच तळहातावर घ्यायचा. ज्याला येते तो गल्लीचा दादा. जो हरला त्याचा भोवरा रिंगणात ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपल्या आरेने त्यावर गुच्चे द्यायचे. माझा शिसवीचा भोवरा असाच उभा फुटला. ज्याने फोडला तो आज माझा व्याही आहे. विषय अजून निघतो.

चहाटळ_चिमणी

काका, आधीच लिहायचं ना हो असं! फर्मास.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून वाचतेय. मुलगी दीड वर्षाची आहे, सगळं तोंडात घालते. आई सावंतवाडीची टोपली पाठवते म्हणतेय. रंगाची भीती वाटते. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असायचं असं वाचलंय. काय करू?

खडूफळा

भीती रास्त आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणन सक्तीचं केलंय, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे हाताने रंगवलेल्या टोपलीवर आयएसआय चिन्ह नसेल, आणि नसलं म्हणून ती वाईट असंही नाही. आईंना दुकानात सरळ विचारू द्या, रंग कुठला आणि त्यात शिसं नाही ना. दीड वर्षाच्या मुलीला मात्र टोपली दुरूनच दाखवा. तोपर्यंत कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा खुळखुळा बघा. तिथे लाकूड लेथवर फिरत असतानाच लाखेची रंगीत कांडी टेकवतात, घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर बसते. तरी रंग कुठला हे तिथेही विचाराच. जुनं, पोपडे सुटलेलं घरातलं खेळणं मात्र अजिबात नको, कितीही आठवणीतलं असलं तरी.

तिरफळ

सहमत. आणि आंबा आधी द्या काढून. आमच्या घराण्याचा अनुभव आहे.

कसब्यातली_कस्तुरी

विषाचा विषय निघालाच आहे तर, आमच्या वाड्यात बिट्टीचं झाड होतं. पिवळी फुलं, आत ती कोनाची बी. बिट्ट्यांनी आम्ही सगळे डाव खेळलो. गुंजा बाहुलीच्या डोळ्यांना लावायचो. दोन्ही जहाल विषारी, हे मला लग्नानंतर कळलं.

दिवाळीचा किल्ला कोणीच कसा नाही काढला? कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफ, गवळण, मोट हाकणारा शेतकरी आणि एक वाघ. वाघ नेहमी महादरवाजापेक्षा मोठा. विटा-दगडांवर पोती, पोत्यांवर माती, मातीवर हळीव. आठवडाभर आधी पेरले तर बरोबर वसुबारसेला हिरवं होतं. पाणी जास्त झालं तर बुरूज खचतो. दवाखान्यातून सलाईनची नळी आणून कारंजं करायचो, त्याची टाकी वरच्या मजल्याच्या खिडकीत.

खेळण्यांतला हा एकच प्रकार असा की वडीलमंडळी "आण इकडे, तुला नाही जमत" म्हणत स्वतःच बसायची आणि आम्ही नुसते पाणी शिंपडणारे.

नव्वदीचा_नग

कस्तुरीताई, आमच्या किल्ल्यावर मावळे कमी पडले होते. म्हणून मी बुरुजावर जी.आय. जो उभा केला. सोसायटीची स्पर्धा, परीक्षक आजोबा काठी टेकत आले, चष्मा वर करून म्हणाले, "हा कोण?"

मी गप्प. धाकटा भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, "पोर्तुगीज कैदी."

दगडोबा

बक्षीस?

नव्वदीचा_नग

उत्तेजनार्थ. कैद्याच्या हातात तोफ का दिली, म्हणून मार्क कापले.